नीलकमलचा पी.पी. नंबर

दुपारची जेवणं उरकली, ओटा पुसून झाला, की मृणालिनीबाई हॉलमधल्या स्टुलापाशी जाऊन उभ्या राहायच्या आणि फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावायच्या. कुणाला फोन करायचा नसायचा. नुसता तो आतला आवाज ऐकायचा. एका सुरात लागलेला, कुठे न अडखळणारा. लांब कुठेतरी कुणी तंबोरा छेडत बसलंय आणि गाणारा यायचा राहिलाय, असा. आवाज आला की त्यांच्या जिवाला बरं वाटायचं. आहे, लाईन आहे. मग रिसीव्हर जागेवर ठेवून, त्याच्यावरची नसलेली धूळ पदरानं पुसून त्या खुर्चीत टेकायच्या, आणि वरच्या पंख्याच्या घरघरीत डोळ्यांवर झापड यायची.

त्या झापडीत हॉल भरून जायचा. कुणी कडेवर पोर घेऊन दारात उभी, कुणाच्या हाताला कणीक, कुणी बनियनवरच जिना चढून आलेला. दाराबाहेर चपलांचा ढीग. आणि मधोमध स्टुलावर बदामी रंगाचा फोन, अंगावर क्रोशाचा रुमाल पांघरून, गावच्या देवासारखा बसलेला. माणसं रांगेनं येतात, त्याच्या कानात काहीतरी बोलतात, डोळे पुसत नाहीतर हसत निघून जातात. झापड उडाली की हॉलमध्ये पंखा आणि त्या, दोघंच.

नवघरची ही नीलकमल बिल्डिंग उभी राहिली तेव्हा तिच्या गॅलरीतून मिठागरं दिसायची. उन्हात पांढरे ढीग चमकायचे, आणि वारा तिकडून आला की वाळत घातलेल्या कपड्यांना चव लागायची. लालबागची खोली विकून मृणालिनीबाई आणि त्यांचे यजमान इथे आले तेव्हा नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली होती. "भाईंदर? ते कुठे आलं? मुंबईत आहे ना अजून?" त्या प्रश्नाला उत्तर म्हणूनच की काय, यजमानांनी हापिसच्या कोट्यातून फोन मिळवला. अख्ख्या बिल्डिंगमधला पहिला. तारवाला आला त्या दिवशी फोनला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, आणि तारवाल्याला पुरणपोळी खाऊ घालूनच सोडलं.

त्या दिवसापासून तो फोन काही त्यांचा राहिला नाही. ज्याच्या घरी फोन नाही त्यानं शेजाऱ्याचा नंबर द्यायचा आणि पुढे पी.पी. लिहायचं, ही तेव्हाची रीत. त्या अक्षरांचा अर्थ कुणी विचारला नाही. लग्नाच्या पत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर, शाळेच्या कार्डावर, जिथे तिथे मृणालिनीबाईंचाच नंबर आणि पुढे पी.पी. नीलकमलच्या पोरांना बाराखडीच्या आधी तो नंबर पाठ झाला. जत्रेत हरवलं तर काय सांगायचं? तर तो नंबर.

फोन वाजला की बाई धावायच्या. लांबून करणाऱ्याचे पैसे पडतायत, मीटर पळतोय, म्हणून त्यांचा जीव खालीवर. वरच्या मजल्यांसाठी हाक, समोरच्या बिल्डिंगसाठी गॅलरीत उभं राहून टाळ्या, आणि तळमजल्यावरच्या विमलाबाईंसाठी पाण्याच्या पाइपवर पळीचे टोले. पाइपातून आवाज सरळ विमलाबाईंच्या मोरीत उतरायचा. यजमान पेपरमागून म्हणायचे, "एक्सचेंजवाल्यांनी तुला पगार सुरू केला पाहिजे."

"तुम्ही करा की आधी," बाई म्हणायच्या, आणि परत धावायच्या.

एक नियम मात्र त्यांनी कुणी न सांगता पाळला. मयताचा निरोप असला की हाक नाही, टाळी नाही, टोले नाहीत. त्या स्वतः जिना उतरून जायच्या, दार वाजवायच्या, आणि "जरा वर येता का?" एवढंच म्हणायच्या. बिल्डिंगला ते कळलं होतं. मृणालवहिनी जिना उतरताना दिसल्या की गॅलऱ्या गप्प व्हायच्या.

विमलाबाईंचा शिवा घरातून गेला तोही याच सगळ्या गडबडीच्या दिवसांत. बाप दशरथ स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या चाकावर. भाईंदरात असे कारखाने गल्लोगल्ली. संध्याकाळी माणूस घरी यायचा तेव्हा फक्त डोळे तेवढे माणसाचे, बाकी सगळा काळा. पोरानं पण तिथेच लागावं ही त्याची इच्छा. पोरगं आठवडाभर गेलं आणि बसलं घरी. बापानं बिल्डिंगच्या सत्यनारायणाला, भर मंडपात, लोकांसमोर त्याच्या कानाखाली काढली. प्रसादाचा द्रोण हातातून उडाला. शिवानं द्रोण उचलला, कचऱ्यात टाकला, आणि गेटबाहेर पडला तो पडलाच.

पहिला फोन आला तो पावसाळा संपता संपता. "काकी, मी शिवा. आई आहे?" बाईंनी पाइपवर असे टोले हाणले की पळीचा दांडा वाकला. तो ट्रकवर क्लीनर म्हणून चढला होता. मग तो मधूनमधून करायचा. कधी हुबळीहून, कधी रायपूरहून, कधी नाव न कळलेल्या गावाहून. बोलायचा थोडंच. "बरा आहे. जेवतो. परत करीन." पण फोनमधून गावं ऐकू यायची. मागे कुणीतरी कानडीत भांडतंय, कुठे पत्र्यावर पाऊस कोसळतोय, कुठे चहाच्या ग्लासांची किणकिण, कुठे नुसताच वारा. मृणालिनीबाई कधी वसईच्या पलीकडे फारशा गेल्या नव्हत्या. पण दुपारच्या झापडीत त्या गावांमधून हिंडून यायच्या. हुबळी म्हणजे त्यांच्या लेखी हिरव्या काचेच्या बांगड्यांचा आवाज असलेलं गाव. का, कोण जाणे. फोनमागून तसा काहीतरी आवाज आला असेल.

मग दशरथ गेला. छातीत चाकाची धूळ भरली होती. शिवाला कळवायचं तर कुठे? त्याला फोन करता येत नव्हता, फक्त त्याचा घेता येत होता. महिना उलटल्यावर त्याचा आपणहून आला. विमलाबाई वर आल्या. मृणालिनीबाई नेहमीसारख्या आत गेल्या आणि ऐकू येऊ नये म्हणून मोरीचा नळ मोठा सोडला. तरी ऐकू आलंच.

"बाप गेला तेव्हा कुठे होतास? आता कुणासाठी करतोस फोन? नको करूस. परत करू नकोस, सांगून ठेवते."

रिसीव्हर आदळला. नळ वाहत राहिला.

दुसऱ्याच दिवशी विमलाबाई दुपारच्या वर आल्या. हातात लसणाची परडी. "घरात पंखा बिघडलाय, इथे बसून सोलते." तिसऱ्या दिवशी पंखा दुरुस्त झाला असेल, पण परडी आलीच. पुढे कधी पालेभाजी, कधी वाटाणे, कधी नुसत्याच वाती. सुरुवातीला त्या विचारायच्या, "रागात बोलले हो वहिनी. त्यानं मनावर घेतलं नसेल ना?" मृणालिनीबाई म्हणायच्या, "आईचं बोलणं कोण मनावर घेतं?" हळूहळू विचारणं थांबलं. परडी थांबली नाही. शिवाचा फोन मात्र पुन्हा आला नाही.

मधल्या काळात काय काय झालं. लोकांनी आपापले फोन घेतले, मग खिशातले घेतले. दाराबाहेरच्या चपला एकेक करत कमी झाल्या, आणि एक दिवस तिथे फक्त विमलाबाईंचीच जोडी राहिली. यजमान गेले. मुलगा, यतीन, लग्न करून मिरा रोडच्या टॉवरमध्ये राहायला गेला. मिठागरांच्या जागी इमारती उठल्या आणि वाऱ्याची चव गेली. विमलाबाईंच्या मुलीनं, मुर्ध्याला दिलेल्या संजनानं, आईला मोबाईल आणून दिला. त्या तो ब्लाऊजात ठेवतात आणि वाजला की दचकतात. पण तो नंबर शिवाला कुठे माहीत? त्याला माहीत होता तो हा, स्टुलावरचा.

आणि आता नीलकमल पाडायची होती. नवी उभी राहीपर्यंत सगळ्यांनी दुसरीकडे जायचं. मृणालिनीबाईंनी यतीनकडे, विमलाबाईंनी संजनाकडे. यतीन रविवारी खोकी घेऊन आला आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यातलं एकेक खाली काढायला लागला. गजराचं घड्याळ. बाबांचा ट्रान्झिस्टर, कातडी कव्हरातला. रिळाचा कॅमेरा. तीन सेलची बॅटरी. हिशोबाचं यंत्र, त्यातला आठ अर्धाच दिसायचा. शिंप्याची टेप. दरवाजाएवढा उंच भिंतीवरचा नकाशा, गुंडाळलेला.

"आई, हे काय काय साठवलंयस? दुकान टाकायचंय का?" यतीननं खिशातून मोबाईल काढून तिच्यासमोर धरला. "हे बघ. गजर यात, रेडिओ यात, कॅमेरा, बॅटरी, नकाशा, सगळं यात. एवढ्याशा डबीत अख्खं कपाट गेलं."

"मग आत अडगळ किती झाली असेल," बाई म्हणाल्या.

यतीन हसला. हसता हसता स्टुलाकडे बघून गंभीर झाला. "आणि हा? अर्ज भरायला घेऊ ना? टॉवरमध्ये असली तार येत नाही गं. इथे चालू ठेवून काय करणार, भिंतच राहणार नाही."

"भर की. घाई काय आहे?"

"मागच्या महिन्यापासून हेच म्हणतेयस."

"विमलाबाईंना कोण सांगणार?"

यतीन खोक्यावर टेकला. शिवा त्याच्यापेक्षा थोडा मोठा, क्रिकेटमध्ये त्याला नेहमी शेवटी बॅटिंग द्यायचा. "आई, करायचा असता तर त्यानं केला असता. इतकी वर्षं झाली."

हेच तर होतं. विमलाबाईंच्या जिवावर जो दगड होता तो हाच, की करायचा असता तर केला असता. आपण नको म्हणालो, आणि पोरानं ऐकलं. कधी कुणाचं न ऐकणाऱ्या पोरानं नेमकं तेवढंच ऐकलं. फोन चालू आहे तोवर आशा होती. फोन गेला की मागे फक्त तो दगड उरणार. त्या अर्जावर सही करायची म्हणजे ते आपल्या हातानं करायचं.

बुधवारी सकाळी डेझी आली. उत्तनची डेझी, डोक्यावर पाटी, पाटीच्या कडेला प्लास्टिकमध्ये बंद केलेला पैशांचा बोलका स्कॅनर दोरीनं लटकावलेला, बकरीच्या गळ्यातल्या घंटेसारखा. तिनं दारात बैठक मारली आणि बोंबील काढायच्या आधी पायरीवरून नजर फिरवली. खोकी बघितली.

"चालली काय गो बाय?"

"चालले. बिल्डिंग पाडतायत."

"सगल्यांना तोडतात नी वरती नेतात. माज्या गुडघ्यांचा इचार कोनी करतंय?" डेझीनं बोंबलाचं डोकं उडवलं. मग सुरी थांबवून आत हॉलमध्ये वाकून बघितलं. "हा हाय अजून? अरे माज्या देवा! डॉमनिकची बोट सातपाटीला लागली का याच्यावरच निरोप यायचा. तू मना नाक्यावर शोधत यायचीस सांगायला, का तुजा नवरा आला किनाऱ्याला. लोकांना वाटायचा माजा कोन मेला."

"आठवतंय गं."

"मना तर नंबरपन पाट हाय. ऐक." आणि डेझीनं सुरीच्या पाठीनं पाटीवर ताल धरून, लग्नातलं गाणं म्हणावं तसा तो नंबर म्हणून दाखवला. आठ, एक, नऊ, आणि पुढचे सगळे, शेवटच्या आकड्यावर लांबलचक हेल काढून.

मृणालिनीबाई हसल्या. "पुढे दोन राहिला तुझा."

"कंचा दोन?"

"पुढे दोन लागतो आता. सगळ्यांच्या नंबराच्या आधी लागला. आधी दोन, मग आठ एक नऊ."

"कवा?"

"झाली की वीस-बावीस वर्षं."

"आनि मना कोनी सांगला न्हाय?" डेझीला खरंच राग आला. "एवढी वर्षं मी चुकीचा पाट करून बसलंय? मेल्यांनो, मी रोज दारात येतंय, एकानं तरी सांगायचा! डॉमनिक कुठं अडकला असता नी लावला असता तर?"

ती पुढेही बडबडत होती. बोंबील मोजून झाले, स्कॅनरनं "पैसे मिळाले" असं ओरडून सांगितलं, पाटी डोक्यावर गेली. बाई हातात बोंबलाचं पातेलं घेऊन दारातच उभ्या राहिल्या. पातेल्यातून पाणी गळून त्यांच्या पायावर पडत होतं.

दशरथ गेल्याच्या पुढच्याच वर्षीची गोष्ट. पेपरात आलं होतं, नंबराच्या आधी दोन लावा. यजमानांनी पेनानं फोनवरच्या पट्टीवर दोन लिहिला आणि एक संध्याकाळ बसून गोतावळ्याला फोन केले. पुण्याला, नाशिकला, लालबागला. बिल्डिंगमधल्यांनी आपापल्यांना कळवलं. ज्याचा नंबर होता त्याला कळवलं. ज्याचा नव्हता त्याला कोण कळवणार? आणि ते कुणाच्या ध्यानात तरी कसं यावं? घरातल्यांना काहीच बदललं नव्हतं. तोच फोन, तीच घंटी, दुपारचा तोच तंबोरा. माणूस स्वतःचा नंबर स्वतः कधी फिरवत नाही.

इतकी वर्षं दोघी त्या फोनच्या राखणीला बसल्या, आणि शिवाच्या हातात जो नंबर होता तो इथे येतच नव्हता.

बाईंना वाटलं, धावत खाली जावं. निघाल्याही. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि थबकल्या. आपण जिना उतरताना दिसलो तर विमलाबाई काय समजतील? आणि समजा खाली जाऊन सांगितलं, तर नेमकं काय सांगणार? तुमचं बोलणं त्यानं मनावर घेतलं नसेल, त्यानं फोन केला असेल, हे सांगायचं. पण त्याच्याच पोटात दुसरंही होतं. आईनं सांगितलं, फोन करू नकोस. पोरानं वर्षभरानं धीर करून केला, तर लागेच ना. त्याला काय वाटलं असेल? आईनं फोनच तोडून टाकला. एक दगड उतरवायला जावं आणि दुसरा ठेवून यावं.

बोंबील तळायचे राहिले. दुपारी त्यांनी रिसीव्हर उचलला, पण तंबोरा ऐकवेना. परत ठेवला. खुर्चीत टेकल्या. झापड आली तिच्यात एक लांबलचक रस्ता होता, कडेला पिवळी फोनची टपरी, आणि टपरीत पाठमोरा कुणी तरुण पोरगा आकडे फिरवत होता. फिरवायचा, ऐकायचा, ठेवायचा. ट्रक मागे हॉर्न देत होता. त्या ओरडत होत्या, "अरे दोन लाव, आधी दोन लाव!" पण त्यांचा आवाज हॉलच्या बाहेर जात नव्हता.

"वहिनी, झोपलात?"

विमलाबाई दारात. हातात परडी. गुडघ्यावर हात दाबत त्या नेहमीच्या जागी, फोनच्या बाजूला, जमिनीवर बसल्या. लसणाची एक गड्डी फोडली. पंख्यानं सालं उडाली आणि हॉलभर तरंगायला लागली.

मृणालिनीबाई बोलल्या तेव्हा त्यांना स्वतःलाच आपला आवाज अनोळखी वाटला. "विमलाबाई, आपल्या नंबराच्या आधी दोन लागला होता, आठवतं?"

"कधी?"

"हे होते तेव्हा. दशरथभाऊजी गेले त्याच्या पुढच्या वर्षी."

"असेल. मला कुठे फिरवायचा असायचा?" विमलाबाईंनी पाकळी सोलली, परडीत टाकली. दुसरी घेतली. ती सोलता सोलता बोटं थांबली. मग म्हणाल्या, "शिवाला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही."

"म्हणजे त्यानं लावला असेल तर..."

"लागला नसणार."

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. त्याचा आवाज लांब लांब होत नाक्यापर्यंत गेला आणि विरला. विमलाबाईंच्या तोंडावर एकदम ऊन पडावं तसं झालं, आणि लगेच ढग आला. मृणालिनीबाईंना ठाऊकच होतं तो येणार.

"त्याला वाटलं असेल, मी बंद करून टाकला."

"असं का म्हणता? नसेलही वाटलं."

"मी तोंडानं म्हटलं होतं वहिनी. तुम्ही नळ सोडला होतात, तरी ऐकलंत. मला माहितेय." त्यांनी परडी बाजूला सारली. "काय ऐकू आलं असेल हो त्याला? फोन कुणी उचलून आपटला, तसं काही ऐकू येतं का? का ती बाई बोलते, हा नंबर चुकीचा आहे?"

"मला नाही माहीत. मी कधी लावला नाही."

दोघींनी एकाच वेळी फोनकडे बघितलं.

मृणालिनीबाईंनी रिसीव्हर उचलला. तंबोरा सुरू झाला. बोट बटणांवर आलं आणि सवयीनं दोनकडेच गेलं. त्यांनी ते मागे घेतलं. डेझीनं धरलेला तालच मनात धरून एकेक आकडा दाबला. आठ. एक. नऊ. पहिल्याच आकड्याला तंबोरा थांबला. शेवटचा आकडा दाबला आणि त्या श्वास रोखून उभ्या राहिल्या.

काहीच आलं नाही.

घंटी नाही, बाई नाही, टूंटूं नाही. नुसती शांतता. पण मेलेल्या फोनची शांतता त्यांना ओळखू यायची. ही तशी नव्हती. ही जिवंत होती. आत कुठेतरी बारीक खरखर, आणि पलीकडे खूप मोठी मोकळी जागा. यंत्राला अजून एक आकडा हवा होता. तो येईल म्हणून ते थांबलं होतं.

त्यांनी पटकन रिसीव्हर विमलाबाईंच्या कानाला लावला. विमलाबाईंनी तो दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं रिसीव्हरमधून तुटक टूंटूं सुरू झालं, ते मृणालिनीबाईंना बाहेरपर्यंत ऐकू आलं.

"बंद पडलं," त्या म्हणाल्या.

"परत लावा."

परत लावला. परत तीच शांतता. या वेळी विमलाबाईंनी मान थोडी तिरकी केली, पाळण्यातल्या पोराचा श्वास ऐकावा तशी.

"हे काही कुणी आपटल्यासारखं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "नाही का हो? रागावलेलं माणूस असं नसतं. कुणीतरी उचललंय आणि ऐकत बसलंय, असं वाटतं. बोल म्हणतंय." टूंटूं सुरू झालं तरी त्यांनी रिसीव्हर काढला नाही. "त्याला हे ऐकू आलं असेल तर त्याला कळलं असेल. पलीकडे कुणीतरी आहे. बोलता येत नाहीये एवढंच."

"हो," मृणालिनीबाई म्हणाल्या. हो म्हणताना ते खरं आहे की नाही हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

"केला असेल हो त्यानं. एकदा तरी केलाच असेल. मग घरी का नाही आला, ते त्याचं तो जाणे. आहे की नाही, तेही मला कळायचं नाही. पण मी नको म्हटलं म्हणून त्यानं केला नाही, असं नाही ना? तसं म्हणता येणार नाही आता कुणाला. मला पण नाही."

"नाही म्हणता येणार."

विमलाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या रडतायत असं मृणालिनीबाईंना वाटलं. पण पदर खाली आला तेव्हा त्या हसत होत्या, आणि नाक लाल झालं होतं. "कसा बावळट आहे बघा. नंबर चुकलाय, जरा कुणाला विचारायचं तर! बापासारखा. रस्ता चुकेल पण विचारणार नाही."

"परत लावू?"

"लावा. मला बोलायचंय."

मृणालिनीबाईंनी आकडे दाबले. शांतता आली तशा विमलाबाई रिसीव्हरमध्ये, लांबच्या माणसाशी बोलावं तशा, मोठ्यानं बोलायला लागल्या. "शिवा, मी आई. ऐक. बिल्डिंग पाडतायत. मी संजनाकडे चाललेय, मुर्ध्याला. तिचा मुलगा कॉलेजात जातो, तुझ्यासारखाच केस वाढवलेत..." टूंटूं आलं. "लावा वहिनी." आठ, एक, नऊ. "हां, तर केस वाढवलेत. मी काही बोलत नाही त्याला. तुझे बाबा झोपेत गेले, त्रास नाही झाला. ते तुला तेव्हा सांगायचं राहिलं..."

जेवढी शांतता मिळायची तेवढंच बोलणं. ती तुटली की बाई आकडे फिरवायच्या आणि पुढचं वाक्य सुरू व्हायचं. लसणाची सालं हॉलभर फिरत होती. खिडकीतलं ऊन खोक्यांवरून सरकत भिंतीपर्यंत आलं होतं. आता मृणालिनीबाईंनी नळ सोडला नाही. त्या जवळच बसून होत्या, बोट बटणावर ठेवून, आणि त्यांच्या कानात हुबळीच्या बांगड्या किणकिणत होत्या.

टेबलावरचा मृणालिनीबाईंचा मोबाईल थरथरला. यतीन.

"आई, मी टेलिफोनच्या ऑफिसजवळ आहे आत्ता. फोन काढायचा अर्ज देऊन टाकू? तू हो म्हण, मी तुझ्या वतीनं सही करतो."

बाईंनी विमलाबाईंकडे बघितलं. विमलाबाईंनी ऐकलं होतं. त्यांनी रिसीव्हर कानाला तसाच ठेवून मान डोलावली, आणि दुसऱ्या हातानं खूण केली: लावा, लावा परत.

"दे," मृणालिनीबाई मोबाईलमध्ये म्हणाल्या. "पण म्हणावं, उद्या काढा. आज लाईन बिझी आहे."

"बिझी? कोण बोलतंय?"

"विमलाबाई," त्या म्हणाल्या, आणि आठचं बटण दाबलं.